आवृत्ती १.२

नायक म्हणजे एक धोटा.
मागातून निसटलेला, दोन्ही टोकांना पोलाद,
पोटात कांडी, कांडीवर मोरपंखी सूत.
तो डावीकडून उजवीकडे जातो
आणि जाईल तिथं त्याचं सूत मागं राहतं.
एवढाच नकाशा.
वाट चुकलात तर आपल्याच सुतावरून परत या.

तीन वर्षं लागली. वडगावात, विष्णू गल्लीत,
माळ्यावर, खाली चार माग चालू असताना.
खटक-खट वेगळी रेकॉर्ड करावी लागली नाही,
ती बाकीच्या आवाजांत येऊ नये म्हणूनच धडपड.

ईरण्णानं शेळी काढली. ती सूत खाते,
म्हणजे तुमची परतीची वाट खाते.
एक पाल आहे, ती काहीच करत नाही.
करंट गेला की अख्खा पडदा काळा,
सगळे जिथल्या तिथं,
फक्त एक म्हातारा अंधारात कुंदा खात बसलेला.
वाटीवर चमचा वाजतो,
त्या आवाजावरून पुढं सरकायचं.

पाट्या कोऱ्या ठेवल्या.
किराणा पिवळा, सोनार लाल, नुसते रंग.
ईरण्णा म्हणाला त्याची लिपी, मी म्हटलं माझी.
दोन्ही डावीकडूनच निघतात, उजवीकडंच पोचतात
हे ध्यानात येईतो चहा गार झाला होता.

मग खेळ बाहेर आला.
पहिल्या आठवड्यात दोनशे चौदा प्रती,
त्यातल्या एकतीस परत.
"उडी तरंगते," एकानं लिहिलं. दहापैकी सहा.
"शत्रू कुठं आहेत?"
"शेळीला मारता येत नाही, हा दोष समजावा की भूमिका?"
पोलंडमधल्या कुणा बाईनं नऊ दिले
आणि चाळीस मिनिटं पालीसमोर बसून होते
असं कबूलही केलं.
एकाच रात्री दोन पत्रं आली,
पाट्या आमच्या भाषेत का नाहीत,
एक या भाषेत, एक त्या.
आम्ही एकमेकांना वाचून दाखवली.
शिव्या तेवढ्या सारख्याच निघाल्या.

आप्पांनी खेळ हातात घेतला तो रविवारी, माग बंद असताना.
चष्मा कपाळावर सारला.
उजवा डोळा मिटलेलाच त्यांचा,
माझ्या जन्माच्या आधीपासून.
धोटा चालला, थांबला, चालला.
मी उडीचं बटण दाखवलं.
"धोटा उडत नसतोय गं," ते म्हणाले.
"उडाला तर डोळा जातोय."

इतकी वर्षं मी त्यांच्या डाव्या बाजूला बसून जेवले.
आणि तीन वर्षं त्या उडीची कमान मोजत बसलेली:
किती उंच, किती वेळ,
उतरताना किती मऊ.

ते बटणाला हात न लावता खेळले.
मागांच्या खालून, सुताच्या गठ्ठ्यांमधल्या फटीतून,
शेळीला आधी जाऊ देत,
मी आखल्याचं मलाच आठवत नव्हतं अशा वाटांनी.
बाजार गल्लीच्या गटारापाशी अडकले.
तिथं उडीवाचून पलीकडं जाता येत नव्हतं.
थोडा वेळ पाण्याकडं बघितलं, फोन परत दिला.
"हितं एक फळी टाक की."

आवृत्ती १.२ मधले बदल:
गटारावर फळी.
आणि धोटा उडाला की त्याच क्षणी
रस्त्यावरचे सगळे मान खाली घालतात,
सोनार, कांड्या भरणाऱ्या बायका,
तो म्हातारा, चमचा तोंडात तसाच धरून.
शेळीसुद्धा.
पाल नाही.

"फळीमुळे खेळ सोपा झाला."
सहाचे साडेपाच.
पोलंडच्या बाईनं लिहिलं, किती गोड,
तुमच्याकडं धोट्याला सगळे नमस्कार करतात!

मी उत्तराची चौकट उघडली.
खाली आप्पांनी पहिला माग सुरू केला,
मग दुसरा.
ईरण्णा म्हणाला, राहू दे.